वहीत न आलेलं वाक्य

आठवीतल्या एका मुलीने मटकीच्या रोपांचा प्रयोग लिहून आणला. एक कुंडी खिडकीत, दुसरी बंद कपाटात. शेवटी निष्कर्ष होता : 'प्रकाशात रोपे चांगली वाढली. अंधारात वाढली नाहीत.' ऱ्हस्वदीर्घाच्या चार चुका दिसल्या आणि सवयीने माझा हात लाल पेनाकडे गेला. पण त्या दिवशी वेळ होता, म्हणून म्हटलं, "मला वाचून दाखव पाहू."

शेवटच्या वाक्याशी ती अडखळली. "कपाटातली रोपं दिसत कशी होती?" मी विचारलं. ती गप्प. मीही गप्प राहिले. मग हळूच म्हणाली, "बाई, ती जास्त उंच झाली होती. पण पिवळी. माझंच काहीतरी चुकलं असेल, म्हणून नाही लिहिलं."

प्रयोगातलं सर्वांत मोलाचं वाक्य वहीत आलंच नव्हतं! अंधारात बियांमधल्या साठवलेल्या अन्नावर खोड भराभर लांबतं, पण हरितद्रव्य तयार होत नाही. मी चार वेलांट्या सुधारून सही केली असती, तर तिचं खरं निरीक्षण हरवलं असतं आणि पुस्तकाला पटेल तेच लिहायचं, हे ती शिकली असती.

असं गप्प राहणं सोपं नसतं. अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती तपासल्या. त्यांचे लेख १९७४ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम १ सेकंद थांबत. तेच ३ सेकंद थांबू लागल्यावर मुलांची उत्तरं लांबली, 'माहीत नाही' कमी झालं. मुलाचं बोलून झाल्यावरही तेवढंच थांबावं लागतं. आपण घाईने 'छान' म्हटलं, की पुढचं वाक्य तोंडातच राहतं. मात्र बुजऱ्या मुलाला आपलं मौन म्हणजे राग वाटतो. त्याला आधीच सांगावं, "तू विचार कर, मी थांबते."

बसावं शेजारी, मध्ये टेबल आलं की तपासणी सुरू होते. वही मुलापुढे, पेनही त्याच्याच हातात. उत्तर ठाऊक नसलेले प्रश्न विचारावेत. 'असं का लिहिलंस?' यात दटावणी ऐकू येते. 'मग काय झालं?' यात उत्सुकता. शुद्धलेखन सोडून द्यायचं नाही, पण ते शेवटी.

साठ जणांच्या वर्गात हे कसं जमणार? रोज दोघांबरोबर पाच-पाच मिनिटं, एवढंच मला जमतं. बाकीची मुलं जोडीने एकमेकांना वाचून दाखवतात. ऐकणाऱ्याने चूक काढायची नाही, न समजलेलं तेवढं विचारायचं. हे पाळायला मुलांना माझ्याइतकंच जड जातं.

त्या मुलीने पान पुन्हा लिहिलं. दोन्ही कुंड्यांतल्या रोपांची उंची मोजून तक्ता केला आणि खाली लिहिलं : 'पिवळी रोपे आता उन्हात ठेवली तर हिरवी होतील का?'