आधी फरशीची जात ओळखा

दिवाळी तोंडावर आली की घरोघरी फरश्या घासण्याची धांदल उडते. अशाच एका वर्षी आम्ही हैदराबादेतील आमच्या जुन्या घराच्या ओसरीवर, शहाबादी फरशीवर, ॲसिड ओतले. फसफसून फेस आला. मळ निघाला म्हणून आम्ही हरखलो. वाळल्यावर पाहतो तो फरशी पांढुरकी आणि खरखरीत! मळाबरोबर दगडही विरघळला होता. वर्षानुवर्षांच्या वावराने आलेली झिलई पाच मिनिटांत गेली.

शहाबादी, कोटा आणि संगमरवर हे तिन्ही चुनखडीच्या कुळातले दगड. मोझॅकच्या लादीतही बहुधा संगमरवराचेच तुकडे सिमेंटमध्ये बसवलेले असतात. यांना ॲसिडच काय, लिंबू आणि व्हिनेगरही वर्ज्य. जात ठाऊक नसेल तर एखाद्या आडकोपऱ्यात लिंबाच्या रसाचा एक थेंब टाकून पाहावा. बुडबुडे उठले वा डाग पडला तर फरशी चुन्याची समजावी आणि तो थेंब लगेच धुऊन काढावा.

अशा फरशीला बादलीभर कोमट पाण्यात चमचाभर सौम्य साबण पुरतो. आधी केर नीट काढावा, कारण फडक्याखाली आलेली वाळू ओरखडे पाडते. शेवटी साध्या पाण्याने पुसून फरशी कोरडी करावी. साबणाचा थर राहिला तर घरातील वडीलधारी माणसे घसरून पडण्याची भीती असते. लाल कोब्यावर तेलाचा हात फिरवल्याने चमक येते खरी, पण तोच धोका तिथेही आहे. चकचकीत टाइल ॲसिडने सहसा बिघडत नाही, परंतु सांध्यांतील सिमेंट झिजते. सांधे खाण्याचा सोडा आणि जुना दातांचा ब्रश यांनी घासावेत.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरिन हा विषारी वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. चुकून मिसळ झालीच तर आवराआवर करीत न बसता तत्काळ बाहेर मोकळ्या हवेत यावे. ॲसिड सरबताच्या बाटलीत तर चुकूनही भरून ठेवू नये, मुले फसतात.

आमच्या ओसरीवरचा तो पांढरा पट्टा अजून तसाच आहे. सणाला सून ॲसिडचे नाव काढते, तेव्हा आम्ही काही न बोलता त्याच्याकडे बोट दाखवतो.