गुडघ्याच्या लवणींतील आवाळू

गुडघ्याच्या मागें, जेथें पाय दुमडतो त्या लवणींत, कधीं कधीं लिंबाएवढी मऊ गांठ येते. घरांतील वडील मंडळी तिला गळू समजून पोटीस बांधूं लागतात. कोणी ती फोडावी असेंही सुचवितात. पहिला उपाय व्यर्थ आहे, आणि दुसरा घातक. म्हणून तिची खरी हकीकत वाचकांपुढें मांडावी असें आम्हांस वाटतें.

सांध्याच्या आंतील पातळ अस्तरांतून अंड्यांतील पांढऱ्या बलकासारखा चिकट द्रव पाझरत असतो. चाकास जसें वंगण, तसा तो सांध्यास. हाडांवरील कूर्चा झिजली, संधिवात जडला किंवा आंतील कूर्चेची गादी फाटली, कीं हा द्रव वाजवीपेक्षां फार होतो. गुडघ्यामागें आंतल्या बाजूस दोन स्नायूंच्या मध्यें एक लहानशी पिशवी असते, व पुष्कळ प्रौढांत तिची सांध्याशीं वाट असते. दाबानें द्रव तींत शिरतो, परंतु वाटेवर झडप असल्याप्रमाणें परतत नाहीं. पिशवी फुगते, तेंच हें आवाळू. पाय ताठ केला असतां तें टणक लागतें, दुमडला असतां मऊ होतें. डब्लिनच्या रॉबर्ट अ‍ॅडम्स यांनीं १८४० सालीं तें वर्णिलें होतें. परंतु लंडनचे शस्त्रवैद्य विल्यम मॉरंट बेकर यांनीं १८७७ सालीं त्यावर लिहिलें, आणि नांव बेकर यांचेंच राहिलें. कीर्तीचा न्याय असाच!

तेव्हां मोठ्या माणसांत दुखणें बहुधा लवणींत नसून गुडघ्यांत असतें. सुईनें द्रव काढतां येतो, पण मूळ कारण तसेंच राहिल्यास पिशवी पुन्हा भरते. म्हणून शहाणा डॉक्टर आधीं सांधा तपासतो, आणि विश्रांति, बर्फाचा शेक, योग्य व्यायाम, जरूर तर सांध्यांत औषधाची सुई, यांनीं तो शांत करतो. शस्त्रक्रियेची पाळी क्वचित् येते.

मुलांची गोष्ट निराळी. त्यांचा सांधा बहुधा निरोगी असतो, गांठ दुखत नाहीं, आणि पुष्कळदां कालांतरानें आपोआप जिरते. आईबापांनीं घाई करूं नये. मात्र डॉक्टरांस एकदां दाखवावें. कारण लवणींतून पायाची मोठी रोहिणी जाते, आणि तिला आलेला फुगाही वरून गांठच दिसतो! सोनोग्राफींत गांठींत पाणी आहे, रक्त आहे कीं मांस, हें कळतें.

क्वचित् पिशवी आपोआप फुटते. मग पोटरी एकाएकीं सुजते, ठणकते, घोट्याजवळ काळेंनिळें होतें. परंतु पायाच्या शिरेंत रक्ताची गुठळी झाली तरी पोटरी अशीच सुजते, व ती गुठळी फुप्फुसांत गेल्यास प्राणावर बेततें. नुसत्या डोळ्यांनीं भेद करणें डॉक्टरांसही कठीण. अशा वेळीं पोटरीस तेल चोळूं नये, रगडूं नये; त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें.