न गाणारी तीन मुलं

मी शाळेत अर्धवेळ शिकवते. सकाळी ‘जन गण मन’ सुरू झालं की माझी नजर आपोआप मुलांच्या ओठांवर जाते. कुणी गप्प दिसला की तास संपल्यावर त्याची हजेरी घेतलीच म्हणून समजा! पण केरळातल्या तीन भावंडांची हकीगत वाचली आणि मी जरा वरमले.

कोट्टायम जिल्ह्यातली ही मुलं ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथाची. थोरला दहावीत, मधली नववीत, धाकटी पाचवीत. राष्ट्रगीताला ती आदरानं उभी राहत, पण गात नसत. त्यांच्या धर्मात ते बसत नव्हतं. कित्येक वर्षं कुणाची हरकत नव्हती. जुलै १९८५ मध्ये एका आमदारांच्या ते लक्षात आलं, विधानसभेत प्रश्न निघाला. चौकशीत मुलांनी अनादर केला नाही असंच ठरलं, तरीही तिघांना शाळेतून काढलं! वडील मुख्याध्यापिकांकडे गेले, त्यांनी असमर्थता दाखवली. केरळ हायकोर्टानंही दाद दिली नाही.

शेवटी सुप्रीम कोर्टात, ११ ऑगस्ट १९८६ रोजी, न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी आणि दत्त यांनी निकाल दिला. गायलाच हवं असा कायदा नाही. उभं राहणं हाही मानच. १९७१ च्या कायद्यानं शिक्षा आहे ती दुसऱ्याला गाऊ न देणाऱ्याला, गोंधळ घालणाऱ्याला. बोलण्याच्या हक्कात गप्प राहण्याचाही हक्क आला. मुलांना परत घ्या, त्यांच्या शिक्षणाला मदत करा, असा हुकूम सुटला.

तोवर वर्ष उलटून गेलं होतं. आणि थोरल्याचं ते दहावीचं!