लेसचं कव्हर

"आई, परत हँग झाला!" गेल्या एप्रिलमध्ये आमच्या घरात हे वाक्य दिवसातून तीनदा तरी ऐकू यायचं. माझंही उत्तर ठरलेलं, "खेळ अजून गेम! कॉम्प्युटर कंटाळला तुला."

दहावीला चांगले मार्क पडले म्हणून ह्यांनी तो हप्त्यावर घेऊन दिलेला. चित्र जागच्या जागी थिजायचं, आवाज घरघरायचा, कधी निळा पडदा यायचा, कधी सगळंच बंद. बरं, पत्रं टाइप करताना, सिनेमा बघताना काही नाही. फक्त गेम खेळतानाच. मग काय, मला पुरावाच मिळाला! एके दिवशी बोलाबोली वाढली, मी कीबोर्ड उचलून गोदरेजच्या कपाटात टाकला आणि कुलूप लावलं. चिरंजीव आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ताटावर यायचा, जेवायचा, उठायचा.

दुकानदार येऊन गेला. दहा मिनिटं बघून म्हणाला, "वहिनी, ग्राफिक्स कार्ड गेलंय. अठरा हजार धरून चाला." माझ्या भिशीचे वीस हजार नेमके त्याच महिन्यात मिळणार होते. शिलाईच्या नव्या मशीनसाठी ठेवलेले.

अठरा हजार म्हटल्यावर मी जरा शांत झाले. कीबोर्ड काढून दिला आणि दुधाचा हिशेब लिहिते त्या कॅलेंडरवरच बंद पडण्याच्या वेळा लिहायला लागले. पाच दिवसांत दिसलं, सकाळी सातला खेळला तर तासभर चालतो. दुपारी एक ते चार मात्र वीस-पंचवीस मिनिटांत आडवा. ते वाचून लेकच पहिल्यांदा बोलला, "आई, हा तापतोय."

त्याने तापमान दाखवणारं एक फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं. नुसता सुरू असताना प्रोसेसर ५८ अंश. गेम सुरू केल्यावर आकडा दुधासारखा चढत गेला आणि ९८ ला चित्र थिजलं. गेममध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघांनाही जोर लावावा लागतो, म्हणून तेव्हाच सगळ्यात जास्त उष्णता. फार तापलं, की प्रोसेसर आधी आपला वेग कमी करतो, तरी भागलं नाही तर जळू नये म्हणून बंद पडतो. म्हणजे तो बिघडत नव्हता, स्वतःला वाचवत होता बिचारा.

आणि तो ठेवला होता कुठे? टेबलाच्या बंद कप्प्यात, भिंतीला चिकटून, वर मी हौसेने विणलेलं लेसचं कव्हर. मागे गरम हवा बाहेर टाकायची जाळी असते, तिच्यावरच झालर लोंबत होती. शेजारी देवघर. उदबत्तीची काजळी आणि धूळ आत मस्त जमलेली.

प्लग काढून, बटण एकदा दाबून उरलीसुरली वीज जाऊ दिली आणि झाकण उघडलं. आई गं! माळ्यावरच्या पंख्यावरही एवढी धूळ नसेल. मऊ ब्रश आणि इलेक्ट्रिशियनकडून आणलेला ब्लोअर. पंखा बोटाने धरून ठेवायचा, वाऱ्याने गरगरू द्यायचा नाही. घरातला व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, त्याने स्थिर वीज तयार होऊन नाजूक भागांना धक्का बसू शकतो. प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. ती पुसून मटाराच्या दाण्याएवढी नवी लावली. दीडेकशे रुपयांची ट्यूब.

कप्प्यातून बाहेर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवून सुरू केला. भर दुपारी गेम चालू, आकडा ७६!

तीन दिवस बरे गेले आणि चौथ्या दिवशी सकाळीच निळा पडदा. मी तर मट्कन बसलेच. पण आता सकाळ होती, आकडाही साठच्या आत. गरम नसताना, कधीही, कुठेही बंद पडला तर रॅमवर संशय घ्यायचा. गेमचा जोर लागताक्षणी झटकन वीजच गेल्यासारखा बंद झाला, तर वीज पुरवणाऱ्या डब्यावर, म्हणजे एसएमपीएसवर. आमच्याकडे रॅमच्या दोन पट्ट्या. विंडोजमध्येच रॅम तपासायची सोय असते, तिने चूक दाखवली. मग एकेक पट्टी लावून पाहिली, पण एकेकटी दोन्ही चालल्या. टोकं रबराने हलकेच पुसून, खटकन आवाज येईपर्यंत नीट दाबून बसवल्या, तपासणी पुन्हा लावली. चूक नाही. साफसफाई करताना माझ्याच हाताने एक पट्टी सैल झाली असावी.

ग्राफिक्स कार्ड? ते बिचारं ठणठणीत आहे, आजही तेच.

रात्री जेवताना मी म्हटलं, "कव्हर माझं होतं रे." तो भाकरी मोडत म्हणाला, "माहितीये." मग थोड्या वेळाने, "पण डिझाइन चांगलं होतं."

मशीन आलं. कव्हर आता त्याच्यावर आहे.