गुरुवारची गोळी

मर्कॅप्टोप्युरिनची एक गोळी ५० मिलिग्रॅमची असते. मुलाची उंची आणि वजन बघून डोस ठरतो आणि तो अख्ख्या गोळीत क्वचितच बसतो. मग डॉक्टर कागदावर लिहून देतात : सोमवार ते गुरुवार एक, शुक्रवार ते रविवार दीड. बुलढाणा जिल्ह्यातल्या सोनाळा गावात ज्या घरात मी बसलो होतो तिथे भिंतीवरच्या कॅलेंडरवर दर शुक्रवार, शनिवार आणि रविवारच्या चौकोनात लाल पेनने अर्धा चंद्र काढलेला होता. ही युक्ती त्या आईची स्वतःची. ती शाळेत चौथीपर्यंत गेलेली, नवरा कपाशीत नाहीतर संत्र्याच्या बागेत मजुरीला. मुलगा सात वर्षांचा, त्याला रक्ताचा कर्करोग. अॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा.

रात्रीचं जेवण झालं की ती थोडा वेळ जाऊ देते. मग हात साबणाने धुते, पुसते, आणि स्वच्छ प्लास्टिकची पिशवी हातावर चढवून गोळी मधल्या रेघेवर मोडते. औषध जहाल आहे, उघड्या हाताने मोडायचं नाही, हे तिला मुंबईत, टाटा मेमोरियल रुग्णालयात शिकवलेलं. उरलेली अर्धी गोळी झाकणाच्या डबीत. मोडताना चुरा झाला तर तो अर्धा भाग टाकून ती नवी गोळी घेते आणि तसं वहीत लिहिते, कारण महिन्याच्या शेवटी हिशेब लागला पाहिजे. दुसऱ्या डब्यात मेथोट्रेक्सेटच्या लहान पिवळ्या गोळ्या. त्या आठवड्यातून एकदाच घ्यायच्या. रोज घेतल्या गेल्या तर जिवावर बेततं. म्हणून तिला वार निवडायला सांगितलं होतं, कधीच विसरणार नाही असा. तिने गुरुवार निवडला. शेगाव इतकं जवळ असलेल्या मुलखात गजानन महाराजांचा वार कोण विसरेल?

महिन्यातून एकदा मुंबईहून फोन येतो. मी होतो तेव्हा तो आला. पलीकडची समाजसेविका तिला ‘आई’ म्हणत होती, ही तिला ‘ताई’. विचारणं साधंच. ताप आला का, तोंड आलं का, शाळेत जातो का, आणि मग : “आई, डबी उघडा, गोळ्या मोजून सांगा.” तिने ताटात गोळ्या ओतल्या, दोन-दोन करून मोजल्या, आकडा सांगितला. पलीकडे कागदावर तो जुळला असावा, कारण लगेच पुढचा प्रश्न आला : पुढच्या तपासणीचं तिकीट काढलं का?

या फोनला मी या सगळ्या उपचारातलं एक मोठं औषध मानतो. ल्युकेमियाचा उपचार दोन-अडीच वर्षांचा, कधी त्याहून लांब. पहिल्या महिन्यात स्टेरॉइड, शिरेतून व्हिन्क्रिस्टीन, अॅस्पॅराजिनेजची इंजेक्शनं, पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तिथेच सोडायचं औषध. त्या महिन्याअखेर बहुतेक मुलांच्या रक्तातला आजार दिसेनासा होतो. मूल खायला मागतं, पळायला लागतं. आणि नेमकं तिथेच घर डळमळतं. कर्ज झालेलं असतं, शेताची कामं आलेली असतात, थोरली बहीण मामाकडे ठेवलेली असते, आजी म्हणते, “आता बरं हाये पोट्टं, कायले पुन्हा त्याले सुया टोचता?” घरचे उपचार सोडून गावी परततात. काही महिन्यांनी आजार उलटतो, आणि उलटलेला ल्युकेमिया आवरणं फार अवघड.

परळच्या टाटा मेमोरियलमध्ये २००९ च्या सुमारास कर्करोगाच्या दर पाच मुलांमागे एकाचा उपचार असा अर्ध्यात सुटत होता. ‘इम्पॅक्ट फाउंडेशन’ हा तिथल्याच बालकर्करोग विभागाला जोडलेला निधी. त्याने औषधाचे पैसे, राहायची सोय, खाणं, समुपदेशन, रक्ताची सोय आणि गावी गेलेल्यांचा माग काढणं ही सगळी कामं एका छताखाली आणली. पुढच्या काही वर्षांत ते प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आलं. या काळात कुठलं नवं जादूचं औषध आलं नव्हतं. औषधं जुनीच होती, ती मुलांपर्यंत शेवटपर्यंत पोचू लागली.

या जुन्या औषधांची गोष्टही सांगितली पाहिजे, कारण तिच्यात आपल्याकडचे लोक आहेत. लेडी मेहरबाई टाटा १९३१ साली ल्युकेमियाने गेल्या. सर दोराबजींनी १९३२ मध्ये पत्नीच्या नावाने लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट स्थापन केला, तो ल्युकेमियाच्या संशोधनाला पैसा देण्यासाठी. त्याच वर्षी दोराबजीही गेले. ट्रस्टचा मोठा वाटा देशोदेशीच्या संशोधकांना देण्याची व्यवस्था होती, आणि तेव्हा या आजारावर कुठेच काही उपाय नव्हता. टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ ला उघडलं. आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव तेव्हा तिकडे अमेरिकेत लेडर्ली प्रयोगशाळेत होते. त्यांच्या चमूने फॉलिक आम्लाला अडवणारी रसायनं तयार केली. बोस्टनचे डॉक्टर सिडनी फार्बर यांनी त्यातलं अमिनोप्टेरिन ल्युकेमियाच्या मुलांना दिलं आणि १९४८ मध्ये निष्कर्ष छापले. मुलं पहिल्यांदाच, काही महिन्यांपुरती का होईना, सावरली होती. सोनाळ्याच्या डबीतलं मेथोट्रेक्सेट हे त्याच कुळातलं.

ऐंशीच्या दशकात मुंबई, दिल्ली आणि चेन्नईच्या केंद्रांनी अमेरिकेतल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या मदतीने ‘एमसीपी ८४१’ नावाची एकच उपचारपद्धती राबवली आणि वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या. जगणाऱ्या मुलांचं प्रमाण खूप वाढलं. पण त्याच नोंदींनी हेही दाखवलं की आपल्याकडे बरीच मुलं कर्करोगाने न जाता उपचारादरम्यान जंतुसंसर्गाने जातात, आणि कुपोषित मूल औषधाचा मारा सहन करू शकत नाही. नंतरच्या ‘इसिकल’ या भारतीय बहुकेंद्री अभ्यासात तर कुठल्या मुलाला कमी औषध पुरेल हाच एक मुख्य प्रश्न होता. आपल्या मुलांसाठी संशोधन आपल्या मुलांवर, आपल्या परिस्थितीत व्हायला हवं ते यासाठीच. दान देणाऱ्याला वाटतं की संशोधनाला दिलेले पैसे काचेच्या नळ्यांत जातात आणि कुटुंबाला दिलेले पैसे भाकरीत. बालकर्करोगात ही दोन खाती वेगळी नाहीत. भाकरी मिळाली नाही तर उपचारात काय घडतं, हेही संशोधनानेच दाखवलं.

आणि भाकरीचा प्रश्न मुंबईत खरोखर भाकरीचाच असतो. सोनाळ्याहून वरवट बकालमार्गे शेगाव, तिथून रात्रीची गाडी, पहाटे दादर. कर्करोगाच्या रुग्णाला रेल्वेच्या स्लीपर आणि थ्री एसी डब्यात भाडं लागत नाही, सोबत्याला ७५ टक्के सूट मिळते. त्यासाठी रुग्णालयाच्या सही-शिक्क्याचा फॉर्म हवा, आणि तो मागायचा असतो हे पहिल्या फेरीत कुणाला माहीत नसतं. हे कुटुंब पहिल्यांदा गेलं तेव्हा मुलाला तीन महिने टायफॉइड समजून सलाईन लावून झालं होतं. परळच्या फूटपाथवर आजही गावोगावचे संसार दिसतात : निळी ताडपत्री, फाइलची पिशवी, टक्कल झालेलं मूल.

वऱ्हाडच्या माणसाला दादरला एक पत्ता असतो, संत गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावच्या या माणसाने परगावी अडलेल्यांसाठी छप्परं बांधली. दादरच्या धर्मशाळेत बरेचसे टाटाचे रुग्ण असतात. गाडगेबाबा २० डिसेंबर १९५६ ला गेले. त्यांचं काम मात्र या आईला लागलीच कामी आलं. पुढे रुग्णालयाच्या समाजसेवा विभागातून चिठ्ठी मिळून हे कुटुंब खारघरला सेंट ज्यूड केंद्रात गेलं. श्यामा आणि निहाल कविरत्ने यांनी २००६ मध्ये मुंबईत सुरू केलेली ही संस्था कर्करोगाच्या मुलांच्या कुटुंबांना उपचार चालू असेपर्यंत विनामूल्य ठेवून घेते. आता तिची केंद्रं देशातल्या अनेक शहरांत आहेत.

अशा केंद्रातलं स्वयंपाकघर मी बघितलं आहे. प्रत्येक कुटुंबाची खोली वेगळी, पण स्वयंपाक एका मोठ्या खोलीत, प्रत्येकीची शेगडी आणि कपाट ठरलेलं. चपला दाराबाहेर, आत शिरताना हात धुवायचे. शिधा केंद्राकडून मिळतो, रांधायचं आपलं आपण. एका शेगडीवर बंगालची आई भात करत होती, शेजारी बिहारची सत्तूचं काहीतरी मळत होती, आणि पलीकडे कोणी भाकरी थापत होतं. तयार डबा देणं संस्थेला सोपं गेलं असतं. पण केमोने तोंडाची चव गेलेलं मूल आईच्या हातचं दोन घास खातं, आणि दिवसभर दवाखान्यात नुसतं ऐकून घेणाऱ्या बाईला एक गोष्ट तरी आपल्या हातात असल्यासारखी वाटते. सोनाळ्याच्या आईने सांगितलं, “तिथं समद्याइचं लेकरू आजारी. कोनी कोनाले इचारत नाही की तुमचं काय पाप होतं म्हनून.” गावात तिला हे विचारलं गेलं होतं.

तिथेच तिला ‘काउंट’ हा शब्द कळला. काउंट म्हणजे पांढऱ्या पेशींची संख्या. काउंट पडले की गर्दी नको, उघड्यावरचं खाणं नको, कापलेलं फळ नको. ताप १०० पॉइंट ४ फॅरनहाइटला पोचला तर तापाची गोळी देऊन वाट बघायची नाही, तडक रुग्णालय गाठायचं आणि शिरेतून प्रतिजैविक सुरू करायचं. सोनाळ्यात ही अट पाळणं म्हणजे मध्यरात्री गाडी शोधणं. ती सोय आधीच ठरलेली आहे : कुणाची गाडी, अकोल्याला कुठल्या दारातून आत जायचं, आणि ‘हे मूल केमोवर आहे, लगेच बघा’ असं इंग्रजी-मराठीत लिहिलेलं टाटाचं पत्र, प्लास्टिकच्या पाकिटात, दाराच्या खिळ्याला. पाण्याबद्दलही ती फार जपते. प्यायचं पाणी उकळून, गाळून, वेगळ्या गुंडीत. गुंडीला हात कुणी लावायचा नाही.

गावच्या सोनाजी महाराजांच्या मागच्या यात्रेच्या वेळी मुलाचे काउंट पडलेले होते. गावभर रोडग्यांच्या प्रसादाची धामधूम, आणि हा घरात. आजी चिडली, प्रसादाला नाही म्हणणं तिला सोसवेना. फोनवरच्या ताईने आजीशी बोलणं मागितलं. प्रसादाविरुद्ध एक शब्द न बोलता तिने आजीलाच काम दिलं : घरी, स्वच्छ हातांनी, ताजा रोडगा भाजा, देवाला दाखवा आणि गरम गरम नातवाला द्या. आजीने तसंच केलं. असं बोलणं कुठल्या पुस्तकात शिकवत नाहीत. या कामातल्या माणसांचं वेतन, त्यांच्या फोनचं बिल, त्यांचं प्रशिक्षण हा देणग्यांमधला सर्वांत न दिसणारा खर्च, आणि माझ्या मते सर्वांत सत्कारणी लागणारा. देणगीदारांना यंत्रावर नावाची पाटी लावायला आवडतं. पगारावर पाटी लागत नाही, म्हणून तिकडे पैसा कमी वळतो. हे बदलायला हवं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार संपन्न देशांत कर्करोगाची ८० टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात, गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या अनेक देशांत ३० टक्क्यांहून कमी. २०३० पर्यंत जगभर किमान ६० टक्के मुलं जगावीत असं उद्दिष्ट तिने २०१८ मध्ये ठेवलं. मधल्या अंतरातला बराचसा भाग सोनाळ्यासारख्या गावांतून जातो.

तेव्हा संग्रामपूर, जळगाव जामोद, तेल्हारा, अकोट या पट्ट्यातल्या वाचकांना माझी विनंती आहे. मूल फिकट पडत असेल, ताप दोन आठवडे हटत नसेल, अंगावर काळेनिळे डाग उठत असतील, मानेत किंवा पोटात गाठ लागत असेल, फोटोत डोळ्याची बाहुली पांढरी चमकत असेल, तर साध्या रक्ततपासणीचा आणि मोठ्या डॉक्टरांचा आग्रह धरा. निदान झालं आणि पैसे नसले तर उठून गावी येऊ नका. आधी रुग्णालयातला वैद्यकीय समाजसेवा विभाग विचारा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे कागद तिथेच भरून मिळतील आणि राहायच्या सोयीची चिठ्ठीही. मुंबईत तुमचा कुणी तरुण नातेवाईक असेल तर त्याला टाटाच्या रक्तपेढीत प्लेटलेट द्यायला सांगा. प्लेटलेट पाच दिवसांहून जास्त टिकत नाहीत, त्यामुळे देणारे सतत लागतात. आणि तुमच्या गावात असं एखादं मूल असेल तर त्याच्या घरी जाऊन एवढंच विचारा, की पुढच्या तारखेला शेगावपर्यंत सोडायला कुणी आहे का.