गाडीखालचा डाग

गाडी रात्रभर उभी असलेल्या जागी सकाळी फरशीवर दिसणारा डाग ही गळतीची पहिली वर्दी असते. इंजिन ऑइल, गिअर ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल, पॉवर स्टिअरिंगचे तेल, इंधन आणि एसीचे पाणी यांपैकी काहीही खाली येऊ शकते. काय गळते आहे हे आधी कळायला हवे, कारण इंजिन ऑइलच्या एखाद्या थेंबावर नजर ठेवून महिनाभर गाडी चालवता येते, पण ब्रेक ऑइल गळत असेल तर ती जागची हलवायचीही नसते.

द्रव ओळखण्यासाठी गाडीखाली एक मोठा पुठ्ठा सरकवतात, त्यावर चाकांच्या जागा पेनाने खुणावतात आणि गाडी रात्रभर तशीच ठेवतात. सकाळी डाग कुठल्या भागाखाली पडला ते दिसते आणि रंगही पुठ्ठ्यावर खरा उमटतो. नवे इंजिन ऑइल मधासारखे आणि वापरलेले काळे असते. गिअर ऑइल दाट असून त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल बहुधा लाल असते. कूलंट हिरवा, गुलाबी किंवा निळा असतो. हाताला चिकटसर लागतो आणि त्याला गोडसर वास येतो. त्यातले इथिलीन ग्लायकॉल विषारी असते आणि कुत्री-मांजरे डबके चाटतात, म्हणून ते तसेच ठेवू नये. ब्रेक ऑइल पातळ, फिकट पिवळे असते. नाव ऑइल असले तरी डॉट ३ आणि डॉट ४ प्रकारचे ब्रेक ऑइल पाण्यात विरघळते. पाण्याच्या वाटीत एक थेंब सोडला की खरे तेल तवंग धरते, ब्रेक ऑइल मिसळून जाते.

नुसते स्वच्छ पाणी असेल तर काळजीचे कारण नसते. मुंबईच्या किंवा कोकणच्या दमट हवेत एसी तासभर चालला की आतल्या गार जाळीवर बाष्प साचते आणि नळीवाटे खाली ठिबकते. उलट एसी चालू असून खाली काहीच पडत नसेल आणि पुढच्या सीटपाशी गालिचा ओला लागत असेल, तर ती नळी तुंबलेली असते.

थेंब जिथे पडतो तिथेच गळती असते असे धरून चालणे ही निदानातली सर्वांत महागात पडणारी चूक. तेल वरून खाली येते आणि धावत्या गाडीखालचा वारा ते मागे ढकलतो. टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून झिरपलेले तेल इंजिनच्या पाठीवरून ओघळत क्लच हाउसिंगच्या खालच्या कडेला लोंबते. तिथून मागच्या क्रँक सीलचे तेलही गळते. सील बदलायचे तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो. टॅपेट कव्हरचे पॅकिंग बदलणे बहुतेक गाड्यांत तासा-दोन तासांचे काम असते. चुकीच्या निदानाने गिअरबॉक्स उतरतो, नवे सील बसते आणि आठवड्याने डाग पुन्हा तिथेच दिसतो. म्हणून ओल जिथे सर्वांत वर आणि सर्वांत पुढे सापडेल, तिथून शोधाला सुरुवात करायची.

त्यासाठी इंजिन आधी धुऊन कोरडे करावे लागते. अनेक ठिकाणी ही पायरी घाईत गाळली जाते, आणि वर्षाची काजळी व धूळ बसलेल्या इंजिनवर ताजा ओघळ कुणालाच दिसत नाही. गाडी रॅम्पवर किंवा खड्ड्यावर घेतात. ती जॅकवर उचलली असेल तर घोड्या लावल्याशिवाय खाली शिरू नये. स्वच्छ केलेल्या भागावर टाल्कम पावडर भुरभुरून इंजिन चालवले, की पांढऱ्या थरावर बारीक काळी रेघ उमटते आणि तिचे वरचे टोक उगम दाखवते. तेवढ्यानेही भागले नाही तर तेलात चमकणारा रंग मिसळतात; दोन-तीन दिवस गाडी चालवून जांभळ्या दिव्याखाली पाहिले की गळतीची वाट पिवळसर हिरवी उजळते.

कूलंटची गळती दाबाने शोधतात. इंजिन पूर्ण गार असताना रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून झाकणावर लिहिलेल्या आकड्याइतका, साधारण एक बारच्या आसपास, दाब देतात आणि काटा उतरतो का ते पाहतात. होज पाइपचा क्लिपखालचा भाग, रेडिएटरचे प्लास्टिकचे टोक आणि वॉटर पंपाच्या पोटाखालचे छोटे भोक या नेहमीच्या जागा. ते भोक मुद्दाम ठेवलेले असते. पंपाचे सील गेले की कूलंट बेअरिंगमध्ये शिरण्याऐवजी तिथून बाहेर पडतो, म्हणून ते बुजवायचे नसते. खाली थेंबही नसताना कूलंट घटत असेल, धूर पांढरा येत असेल आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसत असेल, तर हेड पॅकिंगकडे पाहावे.

दुरुस्तीत वेळ जातो तो पृष्ठभाग तयार करण्यात. जुने पॅकिंग उष्णतेने कडक होऊन ॲल्युमिनियमला चिकटलेले असते. ते स्क्रूड्रायव्हरने खरवडले तर पडलेला चराच नवी गळती होतो. प्लास्टिकच्या पट्टीने सोडवून, कापडाने पुसून तो भाग पूर्ण कोरडा करतात. सिलिकॉनचा थर बारीकच हवा. जास्तीचा आत दाबला जाऊन सुटतो आणि इंजिनच्या तळाशी ऑइल साठवणाऱ्या चेंबरमधल्या जाळीवर जाऊन बसतो. बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, थोडे थोडे आवळतात. जोर लावला तर पॅकिंग पिळून बाहेर येते. ऑइल बदलल्यावर लगेच सुरू झालेली गळती बहुधा ड्रेन बोल्टच्या चपट्या झालेल्या जुन्या वॉशरमुळे किंवा फिल्टरला चिकटून राहिलेल्या जुन्या रबरी कडीमुळे असते.

ऑइल सीलची कथा थोडी वेगळी. त्याच्या रबरी ओठामागे एक बारीक गोल स्प्रिंग असते. ती ओठ शाफ्टवर धरून ठेवते, आणि मध्ये उरलेल्या तेलाच्या अतिपातळ थरावर शाफ्ट फिरतो. म्हणून सील कोरडे बसवत नाहीत. ओठाला तेल लावून, स्प्रिंगची बाजू तेलाकडे ठेवून, सीलच्याच मापाच्या नळीने सरळ ठोकतात. शाफ्टवर जुन्या ओठाने खाच पाडली असेल तर नवे सील किंचित पुढे-मागे बसवावे लागते. त्याआधी इंजिनच्या आतला दाब बाहेर सोडणारा ब्रीदर तपासायला हवा. तो तुंबला असेल तर आतला दाब चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर ढकलतो.

ब्रेक ऑइल टायरच्या आतल्या बाजूला किंवा पेडलपाशी ओल म्हणून दिसते. व्हील सिलिंडर, कॅलिपर किंवा रबरी होज बदलतात. ऑइलने भिजलेले लायनर धुऊन चालत नाहीत, दोन्ही चाकांचे नवे टाकावे लागतात. मग एकाने पेडल दाबून धरायचे आणि दुसऱ्याने निपल सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत एअर काढायची. या यंत्रणेत चुकून इंजिन ऑइल पडले तर सगळे रबर फुगते आणि सगळेच बदलावे लागते.

वाटेतल्या उपायांनाही त्यांची जागा आहे. पेट्रोलच्या टाकीच्या चिरेवर साबण घासतात, कारण साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही. दगड लागून फुटलेल्या चेंबरला एम-सील लावतात. गळक्या रेडिएटरमध्ये ट्रकवाले हळद टाकतात. ती चिरेत अडकते, पण पुढे बारीक नळ्याही बुजवते. यांवर गॅरेजपर्यंत पोचावे आणि तिथे पक्के काम करून घ्यावे.

काम झाल्यावर पातळी भरून दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवतात आणि जोड पुन्हा पाहतात. काढलेले ऑइल गटारात ओतत नाहीत. ते घातक कचऱ्यात मोडते आणि नोंदणीकृत प्रक्रियादाराकडे जायला हवे. रात्री पुठ्ठा पुन्हा खाली जातो. पहिल्या दिवशी एखाद-दुसरा थेंब पडला तरी तो कपारीत राहिलेल्या जुन्या तेलाचा असू शकतो; तिसऱ्या सकाळीही पडला, तर इंजिन पुन्हा धुवावे लागते.