‘मी’ कसा घडतो?

पाचवीत मी गावातली शाळा सोडून तालुक्याच्या शाळेत गेले. पहिल्याच आठवड्यात बाईंनी विचारलं, “दप्तर कुठं आहे तुझं?” मी उभी राहिले आणि म्हणाले, “आठेच शे, बाई.” सगळा वर्ग खो खो हसला. बाईही हसल्या. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं मी वर्गात हात वर केला नाही. उत्तर येत असलं तरी ते आधी मनात अहिराणीतून पुस्तकी मराठीत आणायचं, तपासायचं, आणि तोवर दुसरं कुणीतरी उत्तर देऊन मोकळं व्हायचं.

आज प्रयोगशाळेत काम करताना मला या प्रसंगाचं वेगळंच कुतूहल वाटतं. त्या एका मिनिटात माझ्यात नेमकं काय बदललं? बुद्धी तीच होती. गणितं तशीच सुटत होती. बदलली ती फक्त माझी माझ्याबद्दलची कल्पना. ही कल्पना कुठून येते, कशी बनते आणि कशी बदलते, याचा अभ्यास समाजशास्त्रात होतो. त्यासाठी तीन शब्द समजून घ्यावे लागतात : संस्कृती, सामाजीकरण आणि ‘स्व’. आपल्या खानदेशातलीच उदाहरणं घेऊन ते पाहू.

सुगरण आणि मांडे

सुगरण पक्ष्याचा खोपा आपण सर्वांनी पाहिला आहे. बहिणाबाई चौधरींची त्यावरची कविता तर मुलांना पाठच असते. प्रत्यक्षात खोपा विणतो तो नर. मादी अर्धवट विणलेले खोपे पाहून पसंत करते, हे जाता जाता सांगायला हरकत नाही. तरुण नरांचे पहिले खोपे ओबडधोबड असतात, म्हणजे सराव त्यांनाही लागतो. पण खोप्याचा आराखडा बहुतांशी जन्मजात असतो. म्हणून जळगावची सुगरण आणि नागपूरची सुगरण साधारण एकाच घाटाचा खोपा विणतात.

आता खानदेशातले पुरणाचे मांडे घ्या. पुरण भरलेला गोळा हातांवर झुलवत झुलवत पातळ करायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर टाकायचा. ही कला कोणत्याही बाळाच्या रक्तात नसते. खानदेशात जन्मलेली मुलगी पंजाबात वाढली तर ती मांडे करणार नाही, आणि पंजाबातली मुलगी धुळ्यात वाढली तर करील. अशा प्रकारे जे जन्माने नव्हे तर शिकून मिळतं, आणि एकट्याचं नसून समूहाचं असतं, ते सारं म्हणजे संस्कृती. १८७१ साली एडवर्ड टायलर या इंग्रज मानववंशशास्त्रज्ञाने अशीच व्यापक व्याख्या केली. ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, कायदा, रूढी आणि समाजाचा घटक म्हणून माणूस जे जे शिकतो ते सगळं तिने त्यात घेतलं.

रोजच्या बोलण्यात आपण ‘सुसंस्कृत’ हा शब्द कौतुकाने वापरतो. त्यामुळे संस्कृती म्हणजे नाटक, संगीत, ग्रंथ असा समज होतो. समाजशास्त्रात तसं नाही. तिथे संस्कृती नसलेला माणूस अशी चीजच नाही. मांडे ही संस्कृती, आणि ‘आठेच शे’ हीसुद्धा संस्कृतीच.

‘ट’ आणि ‘त’

संस्कृती बाळात शिरते कशी? या प्रक्रियेला सामाजीकरण म्हणतात. ती किती लवकर सुरू होते, हे दाखवणारा एक सुंदर प्रयोग १९८४ साली जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी कॅनडात प्रसिद्ध केला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या तान्ह्या बाळांना त्यांनी हिंदीतले ‘ट’ आणि ‘त’ ऐकवले. हा फरक इंग्रजीत महत्त्वाचा नाही, आणि इंग्रजीभाषक प्रौढांना तो ऐकू येणंही अवघड जातं. आवाज बदलला की बाळाने मान वळवायची. वेळेवर वळवली तर दिवा लागून खेळणं दिसायचं. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक ओळखता आला. दहा ते बारा महिन्यांच्या फार थोड्यांना आला. हिंदी घरांतल्या बाळांची क्षमता मात्र टिकून राहिली.

म्हणजे कोणतीही भाषा शिकण्याची तयारी घेऊन बाळ येतं, आणि पहिल्या वाढदिवसाच्या आतच भोवतालची माणसं त्याचा कान आपल्या भाषेसाठी घडवू लागतात. कुणी शिकवणी घेत नाही. आई बोलते, आजी गाते, शेजारीण हाक मारते, एवढं पुरतं.

भोवती माणसंच नसली तर काय होतं? अनेक शिक्षकांनी अमला-कमला या ‘लांडग्यांनी वाढवलेल्या’ मुलींची मिदनापूरची गोष्ट वाचली असेल. १९२० मध्ये त्या सापडल्याचं अनाथालय चालवणाऱ्या एका पाद्र्याने लिहून ठेवलं. ही गोष्ट आता वर्गात पुरावा म्हणून सांगू नये. तिला स्वतंत्र दुजोरा नाही, आणि पुढच्या संशोधकांनी तिच्यातल्या अनेक विसंगती दाखवून दिल्या आहेत.

त्याहून भक्कम पुरावा रुमानियातून आला. तिथल्या बालगृहांत दूध आणि कपडे मिळत, पण मुलांना उचलून घेणारी, त्यांच्याशी बोलणारी माणसं फार कमी होती. बुखारेस्टमधल्या एका अभ्यासात अशी १३६ मुलं निवडून चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निम्म्यांना सांभाळणाऱ्या कुटुंबांत पाठवलं गेलं. २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कुटुंबात गेलेल्या मुलांची बौद्धिक वाढ बालगृहात राहिलेल्यांपेक्षा चांगली होती, आणि जी लहानपणीच गेली त्यांना अधिक लाभ झाला. मेंदूच्या वाढीसाठी अन्नाइतकीच माणसंही लागतात, हे यातून दिसतं.

भातुकली ते कबड्डी

बोलणं, चालणं, जेवणं शिकता शिकता मूल आणखी एक गोष्ट शिकतं. ती म्हणजे ‘मी कोण आहे’. यालाच ‘स्व’ म्हणतात.

शिकागो विद्यापीठात शिकवणारे जॉर्ज हर्बर्ट मीड यांनी यावर मोठा विचार केला. शिक्षकांना आवडेल अशी गोष्ट म्हणजे त्यांचं प्रसिद्ध पुस्तक त्यांनी स्वतः लिहिलंच नाही. १९३१ मध्ये ते वारले आणि विद्यार्थ्यांनी वर्गात घेतलेल्या टिपणांवरून १९३४ मध्ये ते तयार झालं. ‘स्व’ खेळातून घडतो, असं मीड म्हणतात. भातुकली खेळताना मूल आई होतं आणि बाहुलीला रागावतं. म्हणजे ते घटकाभर दुसऱ्याच्या जागी जाऊन स्वतःकडे पाहतं. पण ते एका वेळी एकाच भूमिकेत असतं.

कबड्डीत एवढ्यावर भागत नाही. चढाई करणाऱ्याला सातही जणांचे हेतू एकाच वेळी ओळखावे लागतात. शिवाय पंच आहेत, रेषा आहेत, दम सुटला तर बाद हा नियम आहे. मूल आता ‘आई काय म्हणेल’ याच्या पुढे जाऊन ‘सगळे काय म्हणतील’ असा विचार करू लागतं. या ‘सगळ्यां’ना मीड सामान्यीकृत इतर म्हणतात. आपण त्याला ‘लोक’ म्हणतो. ‘लोक काय म्हणतील’ यातल्या लोकांचा पत्ता विचारला तर कुणालाच सांगता येणार नाही, पण ते प्रत्येकाच्या मनात वस्तीला असतात.

मीड यांच्या आधी, १९०२ साली, चार्ल्स कूली यांनी आरशाची उपमा दिली होती. दुसऱ्याला आपण कसे दिसतो याची आपण कल्पना करतो. तो आपल्याबद्दल काय मत बनवत असेल याची दुसरी कल्पना करतो. आणि त्यावरून आपल्याला अभिमान तरी वाटतो किंवा शरम. यात लक्षात घेण्यासारखं हे, की पहिल्या दोन्ही पायऱ्या कल्पनेच्या आहेत. बाईंना माझं बोलणं कदाचित गोड वाटलं असेल. मला वाटलं, त्या मला अडाणी समजल्या. पुढची दोन वर्षं मी माझ्या त्या समजुतीबरोबर काढली.

पण माणूस म्हणजे केवळ ओल्या मातीचा गोळा नव्हे. मीड ‘स्व’चे दोन पैलू सांगतात, आणि मराठीत ते ‘मला’ आणि ‘मी’ असे सहज मांडता येतात. ‘मला हसले’ यातली ‘मला’ ही इतरांच्या नजरेतून दिसणारी व्यक्ती. त्यावर काय करायचं ते ठरवणारा तो ‘मी’. सातवीत विज्ञानाच्या सरांनी बांधावरचं तण आणायला सांगितलं. आम्ही केना, आघाडा आणि काय काय घेऊन आलो. सरांनी फळ्यावर दोन रकाने आखले : ‘पुस्तकातलं नाव’ आणि ‘घरचं नाव’. दुसऱ्या रकान्यातली सर्वांत जास्त नावं माझी होती. त्या दिवशी मी हात वर केला. भाषा तीच होती, आरसा बदलला होता.

शाळेचा आरसा

अहिराणी म्हणजे ‘बिघडलेली मराठी’ असं अजूनही ऐकू येतं. भाषाशास्त्र तसं मानत नाही. ग्रिअर्सन यांनी भारतीय भाषांच्या पाहणीत खानदेशी मराठीच्या खंडात घातली नाही. १९०७ साली निघालेल्या भागात ती भिली भाषांबरोबर ठेवली. २०११ च्या जनगणनेतही खानदेशी स्वतंत्र नोंदली गेली असून तिचे भाषक १८ लाखांहून अधिक आहेत. ‘शे’ला ‘आहे’ इतकंच काटेकोर व्याकरण आहे.

जळगावच्या पूर्वेला भाषा पुन्हा बदलते. असोद्यात १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई तिथल्या लेवा गणबोलीत बोलत आणि रचत. त्या शाळेत गेल्या नाहीत. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात आणि जात्यावर सुचलेल्या त्यांच्या ओव्या मुलगा सोपानदेव आणि एका नातेवाइकाने उतरवून घेतल्या. १९५१ मध्ये त्या वारल्या आणि १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह कविता प्रसिद्ध झाल्या. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव देण्यात आलं. बोलीमुळे बुद्धी कमी ठरते असं कुणाला वाटत असेल, तर हे एक उदाहरण पुरेसं व्हावं.

आपल्या वर्गात आजही चोपडा-शिरपूरकडची पावरा मुलं, यावल-रावेरची तडवी मुलं आणि साक्रीची भिल्ल मुलं येतात. घराचा आणि शाळेचा आरसा त्यांना वेगवेगळी प्रतिमा दाखवतो. प्रमाण मराठी त्यांना शिकवायलाच हवी, ती त्यांची पुढची वाट आहे. पण ती घरच्या भाषेच्या शेजारी ठेवून शिकवता येते. तिच्या जागी ठेवायलाच हवी असं नाही.

रोटांची मूठ

संस्कृती आपली म्हणून तिच्यातलं सारंच जपायचं का? हा प्रश्न मला घरातच पडला. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात कानबाई बसते. आमच्या घरी तिच्या रोटांसाठी गहू मोजताना प्रत्येक पुरुषाच्या नावाने मुठी घालत. धाकट्या भावाच्या नावाने मुठी पडल्या, माझ्या नावाने नाही. मी विचारलं तर आजी म्हणाली, “मुलीच्या मुठी सासरी.” पुढे सासरी गेले. तिथेही पुरुषांच्याच मोजत होते.

आजीचा माझ्यावर भारी जीव होता. रोटातला पहिला तुकडा ती मलाच द्यायची. कुणी मला मुद्दाम कमी लेखलं नाही. तरीही मोजणीत कोण येतं आणि कोण येत नाही, हे मी सहाव्या-सातव्या वर्षी एकही शब्द न ऐकता शिकले. सामाजीकरण असं मुकाट्याने होत असतं. २०११ साली महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या, आणि जळगाव जिल्ह्यात त्याहून बऱ्याच कमी. हे रोटांमुळे झालं असं मी म्हणत नाही. त्याची कारणं अनेक आहेत. पण ‘मोजायचं कुणाला’ ही शिकवण आपण कुठे कुठे देतो, ते पाहायला हवं.

आता आमच्या घरी घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावाने मुठी घालतात. सुरुवात आईने केली. कानबाई तशीच बसते, गाणी तीच आहेत, गहू थोडे जास्त लागतात. जे शिकून आलेलं असतं, ते नव्याने शिकता येतं.

वर्गात करून पाहा

आठवी ते बारावीच्या मुलांना कोरा कागद द्या. ‘मी’ने सुरू होणारी वीस वाक्यं दहा-बारा मिनिटांत लिहायला सांगा. नाव घालायचं नाही, कागद कुणाला दाखवायचा नाही. ही चाचणी कून आणि मॅकपार्टलंड यांनी १९५४ मध्ये वापरली होती. मग वाक्यांची विभागणी मुलांनाच करू द्या : नातं, जात-गाव-भाषा यांची ओळख, गुण, दोष, आवडी. मुलगे आणि मुली, गावची आणि शहरातली मुलं यांच्या यादीत फरक पडतो का? दोषांची वाक्यं पाहून प्रत्येकाने स्वतःला विचारावं, ‘हे मला पहिल्यांदा कुणी सांगितलं?’

आणि आपण शिक्षकांनीही एक कागद घ्यावा. गेल्या आठवड्यात वर्गात आपण कुणाच्या बोलण्याला हसलो, तेवढं त्यावर लिहावं.